पेशंटसोबत कोण आहे?

डिमेन्शिया झालेला माणूस डिमेन्शियासाठी हॉस्पिटलात क्वचितच भरती होतो. तो येतो मांडीचं हाड मोडलं म्हणून, लघवी अडली म्हणून, न्यूमोनिया झाला म्हणून, मोतीबिंदू पिकला म्हणून. हाडाचे डॉक्टर हाड बघतात, डोळ्यांचे डोळा. विसरण्याचा आजार त्याच्याबरोबर न बोलावता आत येतो आणि केसपेपरवर त्याची नोंद झालीच, तर ती बीपी-शुगरच्या खाली कुठेतरी एका शब्दात होते. पुढचे काही दिवस सगळ्या वॉर्डाची झोप उडते ती मात्र त्या एका शब्दामुळे. सलाइन उपटलं जातं, कॅथेटर ओढलं जातं, रात्री दोन वाजता पेशंट उठून चपला शोधायला लागतो आणि सिस्टर वैतागून विचारते, "सोबत कोण आहे यांच्या?"

ही पुस्तिका त्या 'सोबत' असलेल्या माणसासाठी आहे. आजार म्हणजे काय, मेंदूत काय होतं, हे समजावणारं लिखाण आता मराठीतही मिळतं, डॉक्टरही थोडंफार सांगतात. पण भरती करायची वेळ आली तर पिशवीत काय भरायचं, एमआरआयच्या खोलीत ते झोपून राहतील का, संध्याकाळी सहानंतर काय होतं, सही कोणी करायची, हे कोणी सांगत नाही. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, खारघर, पनवेल इथल्या काही घरांनी हे एकमेकांना सांगितलं. रांगेत, कँटीनमध्ये, बरेचदा फोनवर. त्याचं हे संकलन. लिहिणाऱ्यांत डॉक्टर फार नाहीत. मुली आहेत, सुना आहेत, दोन-तीन मुलगे आहेत आणि बायकोला सांभाळणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, ज्यांचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त आवडलं.

आकडा द्यायचा रिवाज आहे म्हणून देते. २०१० च्या भारतीय अहवालात देशात डिमेन्शिया झालेल्या ३७ लाख व्यक्ती असाव्यात असा अंदाज होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या राज्यांतल्या ज्येष्ठांना प्रत्यक्ष तपासून केलेल्या मोठ्या पाहणीने साठीपुढच्या लोकांतलं प्रमाण ७.४ टक्के काढलं, म्हणजे सुमारे ८८ लाख. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे तेरा वर्षांत आजार दुपटीने वाढला असा अर्थ कोणी काढू नये. आधी नीट मोजलंच गेलं नव्हतं, हा अर्थ काढायला हरकत नाही.

नवी मुंबईत या आजाराला एक वेगळं वळण आहे. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. महापालिका आणि वाशीपर्यंतची लोकल, दोन्ही १९९२ च्या. म्हणजे आज इथल्या इमारतींत जे पंचाहत्तरीचे आहेत, त्यांच्यातले बहुतेक इथे जन्मलेले नाहीत. लालबाग-गिरगावच्या चाळींतून, सातारा-सांगलीतून, केरळातून, तिशी-चाळिशीत कर्ज काढून ते इथे आले. अल्झायमरमध्ये सहसा अलीकडचं आधी जातं, जुनं उशिरापर्यंत टिकतं. इथल्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो, की हे शहरच आधी जातं. सेक्टरचे आकडे जातात, एकसारख्या इमारतींतली आपली कोणती ते जातं, स्टेशनाची कोणती बाजू आपली ते जातं. उरते ती चाळीतली गॅलरी, नाहीतर गावाकडची पडवी.

माझे सासरे माथाडी कामगार. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांनी पोती वाहिली, कोपरखैरण्यात घर केलं, तिथेच नातवंडं झाली. ओपीडीत "कुठे राहता?" म्हणून विचारलं की ते पाटण तालुक्यातल्या गावाचं नाव सांगतात, पोस्टासकट. उत्तर ठाम असतं आणि तपशिलात एकही चूक नसते. फक्त ते चाळीस वर्षांपूर्वीचं असतं. स्वतःच्या घरात बसून "आता घरी जाऊ या" म्हणतात तेव्हा आम्ही पूर्वी पत्ता समजावत बसायचो. आता "चहा घेऊन निघू" म्हणतो. चहा होईपर्यंत विषय बदलतो.

जे खरोखर इथलेच, त्यांचं दुखणं आणखी निराळं आहे. ही नगरी वसली ती आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांच्या जमिनीवर, भातशेतीवर आणि मिठागरांवर. पनवेल-उरणकडच्या एखाद्या आजीला जिल्हा विचारला तर ती 'कुलाबा' म्हणते. डॉक्टर तरुण असतील तर त्यांना हा मुंबईतला कुलाबा वाटतो आणि ते मनातल्या मनात एक गुण कापतात. पण १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबाच होतं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. तिथल्या म्हातारीने "मला घरी ने" असा धोशा लावला तर मुलाने काय करावं? माणूस घर विसरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे माणसाला घर आठवतंय आणि घरच उठलंय.

गुण कापण्याची गोष्ट मी गमतीने म्हटली नाही. स्मरणशक्ती तपासायला जगभर वापरतात ती तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत बनली. तिच्यात वर्ष, महिना, वार, तारीख, राज्य, जिल्हा, गाव, इमारत, मजला असे प्रश्न असतात. वजाबाकी असते, वाक्य लिहायला सांगतात. शाळा न पाहिलेल्या माणसाला ही चाचणी लावली तर तो धडधाकट असूनही नापास होईल. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या अभ्यासासाठी तिचं हिंदी रूप केलं, तेव्हा निरक्षरांचा विचार करून प्रश्न बदलावे लागले. आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ, असं विचारलं गेलं. आपल्याकडे आजही इंग्रजी छापील कागदावरून तोंडी मराठी-हिंदी करत ती घेतली जाताना दिसते. तेव्हा शेजारी बसलेल्याने एवढं तरी सांगावं, की बाबा तिसरीपर्यंतच शिकलेत, किंवा आई शिक्षिका होती. दुसरी माहिती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. शिकलेला माणूस बराच काळ वेळ मारून नेतो आणि त्याचा आजार उशिरा पकडला जातो.

वेळ मारून नेण्यात आपले ज्येष्ठ पटाईत असतात. रीतभात सगळ्यात शेवटी जाते. डॉक्टर राउंडला आले की उठून बसायचा प्रयत्न करतात, हात जोडतात. "जेवलात का?" "हो, आत्ताच." "दुखतंय कुठे?" "नाही, मजेत आहे." ताट झाकलेलं तसंच असतं आणि कुशीवर वळवलं की माणूस कळवळतो. पुण्याहून दोन तासांसाठी आलेल्या नणंदेलाही हाच अनुभव येतो. वडील छान बोलले, हसले, नाव घेऊन हाक मारली. मग ती खालच्या आवाजात वहिनीला म्हणते, "तुम्ही म्हणता तेवढं काही वाटत नाही गं." ती खोटं बोलत नाही आणि वहिनीही अतिशयोक्ती करत नाही. पाहुण्यांसमोर जी शक्ती पणाला लागते तिची किंमत रात्री वसूल होते आणि रात्री नणंद एक्सप्रेसवेवर असते.

या पुस्तिकेचं म्हणणं एवढंच आहे, की या आजारात सोबतच्या माणसाचं सांगणं हा तपासणीचा भाग आहे. रक्ताच्या रिपोर्टाइतकाच. आजाराच्या वैद्यकीय इतिहासातला पहिला कागदही हेच सांगतो. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही पन्नाशीची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. त्यानेच सांगितलं, की आधी ती विनाकारण संशय घ्यायला लागली, मग स्वयंपाक चुकायला लागला, मग वस्तू लपवायला लागली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले, उत्तरं टिपून ठेवली. १९०६ मध्ये ती गेल्यावर मेंदू तपासून त्यांनी ट्युबिंगेनच्या सभेत तो आजार मांडला, ज्याला पुढे त्यांचं नाव मिळालं. तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते नंतर. सुरुवात नवऱ्याच्या हकिगतीपासून झाली होती.

आणि आपल्याकडे? सोबतच्या माणसाला कामं असतात. औषधं आणा, रक्ताची बाटली लॅबमध्ये द्या, डिपॉझिट भरा, विम्याच्या टीपीएकडून कॅशलेसचं काय झालं बघा. तो सतत लिफ्टपाशी असतो, पेशंटपाशी नसतो. डॉक्टर राउंडला येतात त्या नेमक्या पाच मिनिटांत तो मेडिकलच्या रांगेत असतो. म्हणून आमचा पहिला आग्रह हा, की शक्य तिथे माणसं दोन असावीत. एक धावायला, एक बसायला. बसणाऱ्याचं काम हलकं समजू नये.

कारण हॉस्पिटलात डिमेन्शियाच्या माणसाला जो मोठा धोका असतो, तो बसलेल्यालाच आधी दिसतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो; हा तासा-दिवसांत येतो. काल नाव सांगणारा माणूस आज मुलाला ओळखत नाही, भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणतो, किंवा उलट, एकदम गप्प होऊन गुंगीत पडून राहतो. हा गप्प प्रकार जास्त फसवा, कारण त्याचा कोणाला त्रास होत नाही. वॉर्डात "वयोमानानं होतं" म्हणून तो सोडून दिला जातो. त्याच्या मुळाशी बहुधा काहीतरी दुरुस्त होण्याजोगं असतं: लघवीचा संसर्ग, अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, अंगातलं कमी झालेलं पाणी, न सांगता आलेलं दुखणं, नवीन सुरू झालेली गोळी. झोपेची, ॲलर्जीची, लघवी आवरण्याची काही औषधं या मेंदूंना विशेष बाधतात. "आमचे बाबा काल असे नव्हते" हे वाक्य डॉक्टरांपाशी ठामपणे बोलायला हवं आणि ते बोलू शकतो फक्त काल त्यांना पाहिलेला माणूस.

अमेरिकेत येल इथे डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवं औषध कोणतंच नव्हतं. रुग्णांना चष्मा-कानयंत्र वेळेवर देणं, पाणी पाजणं, चालवणं, आज कोणता वार हे बोलण्यातून सांगत राहणं, रात्री गोळीऐवजी गरम पेय आणि शांतता देणं, एवढंच. नेहमीच्या देखभालीत शंभरातल्या पंधरांना डिलिरियम झाला, या रुग्णांत दहांना. तिथे हे प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. आपल्याकडे खाटेशेजारी स्टुलावर बसलेली सून यातलं निम्मं न सांगता करत असते. तिला कोणी शिकवलेलं नसतं आणि तिच्या करण्याला औषधोपचार म्हणून कोणी मोजत नाही.

याच संदर्भात एक ब्रिटिश हकिगत मला फार बोलकी वाटते. २०१४ मध्ये डॉ. जॉन जेरार्ड हे अल्झायमर असलेले वृद्ध गृहस्थ पायाच्या जखमांसाठी हॉस्पिटलात दाखल झाले. वॉर्डात उलट्या-जुलाबांची साथ असल्याने घरच्यांच्या भेटींवर बंधनं आली. पाच आठवड्यांनी घरी परतले ते खंगून, चालणं-बोलणं गमावून, आणि त्याच नोव्हेंबरात वारले. त्यांची लेखिका मुलगी निकी जेरार्ड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी त्यांच्या नावाने मोहीम काढली. मागणी एकच, डिमेन्शियाच्या रुग्णाजवळ राहण्याचा घरच्यांना हक्क हवा. पुष्कळ ब्रिटिश हॉस्पिटलांनी तो मान्य केला. आपल्याकडे जे गृहीत धरलं जातं, त्यासाठी तिथे चळवळ करावी लागली.

गृहीत धरलं जातं, पण अटींवर. जनरल वॉर्डात एक पास, एक माणूस. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाईक चालत नाही. नियमामागचं कारण रास्त आहे. पण आईला सांभाळणारा एकुलता मुलगा किंवा बायकोला भरवणारा नवरा रात्री आठला बाहेर काढला जातो आणि आत ब्युरोकडून आलेली, पेशंटने कधी न पाहिलेली मावशी बसते. आमच्या पुस्तिकेतले ते निवृत्त गृहस्थ याच प्रसंगातून गेले. भांडण न करता त्यांनी एक कागद लिहिला आणि मावशींच्या हातात दिला: हिला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोला. 'आजी' म्हटलं तर वळत नाही, 'बाई' म्हणा, शाळेत सगळे तेच म्हणायचे. लघवी लागली की पदराशी चाळा करते. दूध आवडत नाही, कोरा चहा द्या. कवळी रात्री डबीत, उशीखाली नाही, नाहीतर चादरीबरोबर धुवायला जाते. हा कागद सकाळी सिस्टरने मागून घेतला आणि फाइलला लावला. पुस्तिकेचं पहिलं पान आम्ही त्याच्यावरूनच बेतलं आहे.

'आजी-आजोबा' या हाकेबद्दल त्यांनी लिहिलंय ते बहुतेकांनी पडताळून पाहावं. जो माणूस मनाने पस्तिशीत आहे, तो "ओ आजोबा" ऐकून मागे वळून बघतो, कोण आजोबा आलेत म्हणून.

एमआरआय, ओपीडी, डिस्चार्ज यांवर आत स्वतंत्र प्रकरणं आहेत, त्यामुळे इथे लांबण लावत नाही. दोनच गोष्टी. अपॉइंटमेंट सकाळची मागा. दिवस कलला की अस्वस्थता वाढते, आणि डिस्चार्जचे कागद नेमके त्याच वेळी रखडतात. दुसरं, "देवळात चाललोय" सांगून हॉस्पिटलात नेणं. यावर आमच्यात मतभेद झाले. काहींच्या मते तेवढं खोटं चालतं. मला ते पटत नाही. गेटवर माणसाला वास येतो, पांढरे कोट दिसतात, आणि मग विश्वासच उडतो. "जरा पाय दाखवून येऊ" एवढं बोलणं पुरतं, तेही निघायच्या अर्धा तास आधी.

कागदपत्रांबाबत मात्र संकोच नको. पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवली म्हणून निर्धास्त झालेली बरीच घरं आम्हाला भेटली. १८७२ च्या करार कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की ते अधिकारपत्र संपतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. पालकत्वासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलेली कुटुंबं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकार येतात. उपचारांबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोयही त्यात आहे. ती समज शाबूत असतानाच वापरता येते. निदान झालं त्या आठवड्यात हा विषय काढणं क्रूर वाटतं. तरी काढावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग सांगितली आहे. ती दिसत नसेल तर विचारावं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड भरती व्हायच्या आधी काढून ठेवावं.

कोण भेटणार, कोण ठरवणार, यावरून मोठमोठ्या घरांतही वादळं होतात. बेलापूरला ज्या कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे, ती ज्यांच्या रेल्वेमंत्रिपदाच्या काळात, १९९० मध्ये, आकाराला आली, ते जॉर्ज फर्नांडिस अखेरची कितीतरी वर्षं अल्झायमरने लोकांआड होते. मुंबई बंद करणारा हा माणूस. त्याला कोणी सांभाळायचं आणि कोणी भेटायचं, याचा वाद घरच्यांत आणि जुन्या सहकाऱ्यांत दिल्लीच्या न्यायालयांपर्यंत गेला. २०१९ मध्ये ते गेले. आपल्या दोन खोल्यांच्या घरात वाद एवढा मोठा होत नाही, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याची धाकटी आवृत्ती सुरू असतेच. त्यासाठी आतल्या एका प्रकरणात एक साधी सूचना आहे: डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच असावा, आणि जो रात्री थांबतो त्याचं मत आधी ऐकावं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक होतात आणि हत्तीच्या मागे चालत माहुताच्या बिऱ्हाडी पोचतात. माहुताच्या बायकोला आजाराचं नावही ठाऊक नसतं, तरी ती त्यांचं सगळं करते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा पाहून आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले. पण त्या बाईला केसपेपर काढायचा नव्हता, सोमवारी कामावर जायचं नव्हतं आणि ते म्हातारे तिचे वडील नव्हते. परक्याला जे सहज जमतं ते मुलीला का जमत नाही, यावर चित्रपटात उत्तम विचार आहे. आमच्या पुस्तिकेत तो नाही. आमच्याकडे जागा कमी होती आणि कॅथेटरवर लिहायचं राहिलं होतं.

वापरायचं कसं, तेवढं सांगते. पहिलं पान आजच भरा, भरती होईल तेव्हा वेळ मिळणार नाही. औषधांचा रकाना पेन्सिलने भरा, ती बदलतात. पानाच्या तीन प्रती काढा: एक फाइलला, एक रात्री थांबणाऱ्याकडे, एक तुमच्या पाकिटात. मागच्या मुखपृष्ठावर दोन फुकट क्रमांक छापले आहेत. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन, १४५६७. आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस, १४४१६. हा दुसरा पेशंटसाठीच आहे असं समजू नका, रात्री थांबून तुमची झोप आणि धीर दोन्ही संपले असतील तर तुम्हीही लावू शकता.